लिंक्डइनवर प्रोफाइल आहे, पण नोकरीसाठी कोणीच संपर्क करत नाही: दोष नेमका कुठे आहे ते कसे शोधावे

दिवाळीनंतर आणि पुन्हा मे-जून महिन्यांत माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: "सर, लिंक्डइनवर अकाउंट काढून दीड वर्ष झालं, शंभर ठिकाणी अर्ज केले, पण कोणाचा साधा मेसेजही नाही." मी पश्चिम महाराष्ट्रातील डिप्लोमा आणि आयटीआय झालेल्या मुलामुलींना नोकरी शोधताना गेली काही वर्षे मदत करतो. त्यांपैकी बहुतेकांना चाकण, भोसरी, रांजणगाव, शिरवळ किंवा कागल या पट्ट्यातील कारखान्यांत काम हवे असते. काहींना ते मिळालेले असते आणि तिथून पुढे सरकायचे असते. तक्रारीचे शब्द तेच असले तरी दोष प्रत्येकाच्या बाबतीत निराळा निघतो, आणि "प्रोफाइल जरा नीट कर" हा मोघम सल्ला ऐकून मुले फोटो बदलतात, दोन सुविचार टाकतात आणि पुन्हा सहा महिने वाट पाहतात. म्हणून मी आता आधी दोष शोधायला लावतो आणि तो सापडल्यावरच प्रोफाइलला हात लावू देतो.

आधी आकडे पाहा

लिंक्डइन प्रत्येक सभासदाला दोन आकडे विनामूल्य दाखवते. गेल्या आठवड्यात शोधाच्या यादीत आपले नाव किती वेळा आले, हा पहिला आकडा, आणि किती जणांनी आपली प्रोफाइल उघडून पाहिली, हा दुसरा. स्वतःच्या प्रोफाइलवर गेल्यावर 'ॲनालिटिक्स' या भागात हे दोन्ही दिसतात. बहुतेक मुलांनी ते कधी पाहिलेलेच नसतात. चार आठवडे दर सोमवारी हे आकडे वहीत लिहून काढले, तर निम्मे निदान तिथेच होते.

पहिला आकडाच अगदी कमी असेल, तर तुमची प्रोफाइल कोणी नाकारलेली नाही. ती कोणाच्या समोर आलेलीच नाही, आणि दोष शब्दांत किंवा गावाच्या नोंदीत आहे. शोधात नाव येते पण प्रोफाइल कोणी उघडत नाही, असे असेल तर नावाखालची ओळ, म्हणजे हेडलाइन, आणि सध्याचे पद यांत गडबड आहे. प्रोफाइल उघडली जाते पण मेसेज येत नाही, तेव्हा अनुभवाचे लेखन पटण्याजोगे नाही किंवा तारखा जुळत नाहीत. आणि चौथी शक्यता, जी लक्षात येईपर्यंत फार नुकसान झालेले असते, ती अशी की मेसेज आलेला असतो, पण तो तुमच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करू नये. ज्याच्या ओळखी पन्नास आहेत आणि ज्याच्या दोन हजार आहेत, त्यांचे आकडे एका मापाने मोजता येत नाहीत. स्वतःचा गेला महिना आणि हा महिना एवढीच तुलना कामाची.

चौथ्या शक्यतेपासूनच सुरुवात करतो, कारण ती तपासायला पाच मिनिटे पुरतात.

मेसेज आला होता, पण वाचला गेला नाही

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन हातात घेऊन मी तिची प्रोफाइल पाहत होतो. मेकॅनिकल डिप्लोमा, दोन वर्षे क्वालिटीमध्ये काम, लिहिलेलेही बरे. मेसेजच्या पानावर वरच्या बाजूला 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन कप्पे होते. तिने दुसरा कप्पा कधी उघडलाच नव्हता. तो उघडला तेव्हा जाहिरातींच्या गर्दीत दोन मेसेज सापडले; दोन्ही तिच्याच कामासाठी, दोन वेगवेगळ्या रिक्रूटरचे, म्हणजे कंपन्यांसाठी उमेदवार शोधणाऱ्यांचे. एक आठ महिन्यांपूर्वीचा होता, एक पाच. तिने अकाउंट काढताना कॉलेजने दिलेला ईमेल वापरला होता आणि पास झाल्यावर तो ईमेल बंद झाला होता, त्यामुळे मेसेज आल्याची सूचना तिला मिळण्याचा मार्गच उरला नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही. या दीड वर्षात घरून तिला "तुला कोणी विचारत नाही" हेच ऐकावे लागले होते.

म्हणून सर्वप्रथम सेटिंगमध्ये जाऊन कोणता ईमेल आणि कोणता मोबाइल नंबर नोंदवला आहे ते पाहा. कॉलेजचा किंवा जुन्या कंपनीचा ईमेल असेल, तर रोज उघडत असलेला खासगी ईमेल जोडून तोच मुख्य करा. सिमकार्ड बदललेले असेल तर जुना नंबर काढून टाका, नाहीतर एखाद्या दिवशी पासवर्ड विसरल्यावर ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जाईल. मेसेजचे सगळे कप्पे आणि मेसेज रिक्वेस्ट उघडून पाहा. जुना मेसेज सापडला तर तो वाया गेला असे समजू नका. "आपला मेसेज मला आजच दिसला, उशिराबद्दल क्षमस्व; ती जागा भरली असेल याची कल्पना आहे, तरी याच प्रकारच्या कामासाठी मी उपलब्ध आहे आणि रेझ्युमे सोबत जोडत आहे" एवढे लिहून पाठवावे. रिक्रूटरकडे त्याच प्रकारची मागणी पुन्हा पुन्हा येत असते.

याच वेळी आपल्या नावाने दोन अकाउंट नाहीत ना, हेही शोधून पाहा. दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात सर्वांनी मिळून काढलेले एक आणि पासवर्ड विसरल्यामुळे नंतर काढलेले दुसरे, हा प्रकार फार आढळतो. रिक्रूटरला जुने दिसते, अर्ज नव्यावरून जातात. दोन्ही अकाउंटमध्ये प्रवेश करता येत असेल तर ती एकत्र करण्याची सोय सेटिंगमध्येच आहे. मात्र तीत जुन्या अकाउंटवरील ओळखी तेवढ्या नव्याकडे येतात, लिहिलेला अनुभव, कौशल्ये आणि शिफारशी येत नाहीत, म्हणून जुन्या पानाची पीडीएफ आधी उतरवून ठेवावी.

शोधात नावच येत नसेल तर

रिक्रूटर काम कसे करतो हे डोळ्यांसमोर आणले की हा दोष लगेच कळतो. त्याच्याकडे कारखान्याकडून मागणी येते: क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंगचा अनुभव, दोन ते चार वर्षे, पुणे. तो पदाचे नाव टाइप करतो, गाव निवडतो, अनुभवाची वर्षे घालतो, आणि यादी फार मोठी आली तर पीपीएपी (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत), सीएमएम (अचूक मापे घेणारे यंत्र) किंवा फॅनुक (यंत्र चालवणारी एक कंट्रोल प्रणाली) यांसारखे कामातले शब्द घालून ती लहान करतो. जे शब्द तुमच्या प्रोफाइलवर नाहीत, त्यांनी शोधल्यावर तुम्ही सापडणार नाही. "मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड असलेला" या शब्दांनी कोणीही शोध घेत नाही.

हेडलाइनसाठी लिंक्डइन २२० अक्षरे देते. तुम्ही ती स्वतः लिहिली नाही तर साइट सध्याच्या नोंदीवरून तयार करते, आणि म्हणूनच पास होऊन तीन वर्षे झालेल्या अनेक मुलांच्या नावाखाली अजून 'स्टुडंट' हाच शब्द दिसतो. काही जण तिथे 'ॲस्पायरिंग इंजिनिअर, ड्रीमर, हार्ड वर्कर' किंवा 'नोकरीच्या शोधात' असे लिहितात. त्याऐवजी "क्वालिटी इन्स्पेक्टर, मशीन्ड पार्ट्स, सीएमएम आणि पीपीएपी, डिप्लोमा मेकॅनिकल, पुणे" असे लिहिले, तर त्या एका ओळीत शोधाचे पाच-सहा शब्द येतात आणि माणूस काय करतो हेही वाचणाऱ्याला कळते. हे सर्व रोमन लिपीत लिहावे, कारण रिक्रूटर त्याच लिपीत शोधतो. नाव देवनागरीत लिहिले असेल तर तेही बदलावे.

पदाचे नाव हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. कारखान्यात तुम्हाला नियुक्तिपत्रावर 'जीईटी' (पदवीधर प्रशिक्षणार्थी), 'डीईटी' (डिप्लोमाधारक प्रशिक्षणार्थी), 'ऑपरेटर-२', 'असोसिएट' असे काही दिलेले असते. त्या शब्दांचा अर्थ त्या फाटकाच्या आत सर्वांना कळतो, बाहेर मात्र तो सर्वांना कळेल असे नाही. पद खोटे वाढवून लिहू नये; पण अधिकृत पदानंतर कामाचे सर्वमान्य नाव जोडणे हे खोटे नाही. 'ऑपरेटर-२' याच्या शेजारी 'व्हीएमसी ऑपरेटर-सेटर' (व्हीएमसी हे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे यंत्र, सेटर म्हणजे ते कामासाठी जुळवून देणारा) असे लिहिले तर खरेही राहते आणि सापडतेही. पण सेटिंग येत नसेल, फक्त लोडिंग-अनलोडिंग केले असेल, तर 'सेटर' लिहू नका. तो एक शब्द मुलाखतीत पहिल्या तीन मिनिटांत उघडा पडतो, कारण समोरचा माणूस ऑफसेट (यंत्रात भरायचे टूलचे माप) कसा घेता हे विचारतोच.

गावाच्या नोंदीत अनेकांनी अकाउंट काढताना होते ते गाव तसेच ठेवलेले असते. तासगाव किंवा फलटण लिहिलेला मुलगा पुण्यासाठी केलेल्या शोधात येत नाही. पुण्यात राहत असाल तर पुणे लिहा. गावीच असाल आणि पुण्याला जायची तयारी असेल, तर 'ओपन टू वर्क' या, आपण नोकरी शोधत आहोत हे कळवण्याच्या सोयीत कामाची इच्छित ठिकाणे नोंदवता येतात आणि पाचपर्यंत पदनामेही देता येतात. तिथे पाच वेगवेगळ्या क्षेत्रांची पदे देण्यापेक्षा एकाच कामाची वेगवेगळी प्रचलित नावे द्यावीत.

नावाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि मग स्वतःचे व वडिलांचे नाव. तोच क्रम अकाउंट काढताना भरला गेला की आडनाव 'पहिले नाव' होऊन बसते. मग रिक्रूटर मेसेजमध्ये "हाय पाटील" लिहितो, रेझ्युमेवर एक क्रम, प्रोफाइलवर दुसरा, आधारवर तिसरा, आणि नावाने शोधणाऱ्याला आपण तेच की दुसरे कोणी हे समजत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी पूर्वीच्या नावासाठी असलेली जागा जरूर भरावी. जुन्या सहकाऱ्यांना त्या त्याच नावाने आठवतात.

आणखी एक. नोकरीला माणसे मिळवून देणारे लहान कन्सल्टंट अनेकदा लिंक्डइनची महागडी रिक्रूटर सेवा घेत नाहीत. ते गूगलवरूनच लिंक्डइनच्या प्रोफाइल शोधतात. त्यामुळे सार्वजनिक प्रोफाइल बंद ठेवली असेल तर त्यांच्यासाठी तुम्ही नाहीच. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, आपले पान उघडून बाहेरच्या माणसाला काय दिसते ते एकदा पाहावे.

उघडली जाते, पण पुढे काहीच होत नाही

इथे सर्वात जास्त वेळ द्यायला हवा, आणि नेमका इथेच मुले सर्वात कमी वेळ देतात. अनुभवाच्या रकान्यात कंपनीचे नाव, पद आणि तारीख एवढेच असते. खाली एक ओळही नसते. वाचणाऱ्याला तुम्ही त्या दारातून रोज आत जात होता एवढेच समजते, आत काय करत होता ते समजत नाही. मी मुलांना विचारतो: कोणता पार्ट तपासायचास, कशाने तपासायचास, दिवसाला किती, ड्रॉइंग स्वतः वाचायचास की कोणी सांगायचे, रिजेक्शन निघाले तर पुढे काय करायचास? उत्तर मराठीत, घरच्या भाषेत येते आणि ते उत्तम असते. "सर, पंप हाउसिंगचं बोअर एअर गेजवर चेक करायचो, शिफ्टला चारशे पीस, आणि ओव्हल यायला लागलं की सेटरला सांगून टूल बदलायला लावायचो." हेच तीन वाक्यांत इंग्रजीत मांडले की अनुभव तयार झाला. त्यात 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी' असे पोकळ वाक्य घालण्याची गरज राहत नाही.

मात्र ग्राहकाचे ड्रॉइंग, पार्ट नंबर, किमती आणि यंत्रांचे फोटो प्रोफाइलवर टाकू नयेत. एका मुलाने मोठ्या अभिमानाने स्वतः बनवलेल्या फिक्स्चरसोबतचा (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यासोबतचा) फोटो टाकला. मागे ग्राहकाचा अजून बाजारात न आलेला नवा पार्ट दिसत होता. त्याला लेखी खुलासा द्यावा लागला आणि फोटो काढून टाकावा लागला. त्याचा हेतू चांगला होता, तरी नुकसान त्याचेच झाले.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न वेगळाच आहे आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. मुलगा काम एका मोठ्या कारखान्यात करतो, गणवेशही तिथलाच, पण पगार कंत्राटदार एजन्सीकडून येतो. प्रोफाइलवर तो मोठ्या कंपनीचे नाव लिहितो. पुढची नोकरी ठरते, कागदपत्रांची पडताळणी सुरू होते, यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, मागितला जातो आणि पीएफच्या नोंदीत निराळेच नाव निघते. तिथे त्याच्यावर खोटेपणाचा शिक्का बसतो, जरी त्याने कोणाला फसवायचे मनात आणलेले नसते. योग्य पद्धत अशी की कंपनीच्या जागी ज्याच्या पेरोलवर होता त्या एजन्सीचे नाव लिहावे आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत कोणत्या कारखान्यात, कोणत्या विभागात नेमणूक होती ते स्पष्ट सांगावे. यात कमीपणा काही नाही. या पट्ट्यातल्या प्रत्येक एचआरला ही व्यवस्था माहीत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केलेली ॲप्रेंटिसशिपही 'ॲप्रेंटिस' या पदाने अनुभवातच लिहावी. ती वगळली की मुलगा वर्षभर घरी बसला होता असे दिसते.

प्रोफाइल, रेझ्युमे, नोकरीच्या दुसऱ्या साइटवरील नोंद आणि पीएफची नोंद या चारही ठिकाणी रुजू होण्याचा आणि सोडण्याचा महिना एकच असला पाहिजे. एका संध्याकाळी चारही समोर ठेवून हे जुळवावे. मधे खंड असेल तर तो लपवण्यासाठी महिने ताणू नयेत. घरातले आजारपण, परीक्षा, शेतीचे काम, जे असेल ते एका ओळीत सांगितलेले चालते.

फोटोबद्दल फार सांगण्यासारखे नाही. चेहरा स्पष्ट, मागे साधी भिंत, फोनने दिवसाच्या उजेडात काढलेला पुरतो. लग्नातला कापून घेतलेला फोटो नको.

प्रोफाइलच्या खालच्या बाजूला तुमच्या अलीकडच्या हालचाली दिसतात, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. नोकरीच्या प्रत्येक पोस्टखाली 'इंटरेस्टेड', 'प्लीज चेक माय प्रोफाइल' किंवा 'सीएफबीआर' (पोस्ट जास्त लोकांपर्यंत जावी म्हणून केलेली कमेंट) असे लिहीत जाण्याची सवय लागली की त्या जागी तशाच पन्नास नोंदी दिसतात, आणि त्यांत एकीकडे अकाउंट्स, दुसरीकडे एचआर, तिसरीकडे वेल्डिंग अशा सर्वच जागा असतात. वाचणाऱ्याला या मुलाला नेमके काय करायचे आहे हे कळत नाही. पोस्टमध्ये ईमेल दिला असेल तर ईमेल करावा. खाली मोबाइल नंबर लिहून ठेवणे तर कटाक्षाने टाळावे.

अर्ज करूनही उत्तर नाही

'ईझी ॲप्लाय'च्या बटणाने एका रात्रीत चाळीस अर्ज जातात, आणि तेच बटण इतर हजारो जणांकडेही असते. तिथे उत्तर न येणे हा नेहमीच तुमचा दोष नसतो. म्हणून अर्जाबरोबर एक ओळखीचा मार्ग शोधावा, असे मी आग्रहाने सांगतो.

ओळख म्हटले की मुलांना मामा किंवा आमदार आठवतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की नोकरीची बातमी बहुधा जवळच्यांकडून येत नाही. त्यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना, ती सांगणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे, हे विचारले. वारंवार भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले फक्त १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून मिळालेले २७.८ टक्के. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी सभासदांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, आणि त्यांतही अगदी घट्ट किंवा अगदीच नावापुरत्या ओळखीपेक्षा मधल्या अंतरावरची ओळख नोकरी बदलण्यासाठी सर्वात उपयोगी ठरली. कारण सरळ आहे. खोलीतल्या मित्रांना जे माहीत असते ते तुम्हालाही माहीत असते. दुसऱ्या कारखान्यात गेलेल्या जुन्या सुपरवायझरला तिथली रिकामी जागा माहीत असते.

म्हणून अनोळखी सीईओंना विनंत्या पाठवण्यापेक्षा दोन बॅच पुढचे सीनियर, पूर्वीचे लाइन सुपरवायझर, माल तपासायला येणारे ग्राहकाकडचे क्वालिटीचे लोक, ॲप्रेंटिस असताना दुसऱ्या शिफ्टला असलेले सहकारी यांना शोधून जोडावे. विनंतीसोबत दोनशे अक्षरांत मावेल एवढाच मजकूर लिहावा, आणि त्यात आपण कोण हे आधी यावे. "नमस्कार दादा, मी आपल्याच पॉलिटेक्निकचा, २०२२ ची मेकॅनिकल बॅच. सध्या भोसरीत इनकमिंग इन्स्पेक्शनला आहे. आपल्या संपर्कात राहायला आवडेल." विनंती स्वीकारली गेल्यावरही पहिल्याच मेसेजात "काही जागा आहे का?" असे विचारू नये, त्याला "नाही, असेल तर कळवतो" याखेरीज उत्तर देताच येत नाही. त्यांच्या कंपनीच्या पानावर निघालेली नेमकी जागा शोधून, तिचा क्रमांक लिहून, "या जागेसाठी माझा अनुभव पुरेसा आहे का, आणि आपल्याकडे रेफरलची (कर्मचाऱ्याने नाव सुचवण्याची) पद्धत असल्यास माझे नाव देता येईल का" असे विचारावे. याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते, आणि माणसे ते देतात, हा माझा अनुभव आहे.

नोकरी चालू असताना शोधत असाल तर

'ओपन टू वर्क'चे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी कड येते आणि ती सर्वांना दिसते. दुसऱ्यात ही माहिती फक्त रिक्रूटरना दिसते आणि तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ती दूर ठेवली जाते, पण याची पूर्ण हमी देता येत नाही, असे लिंक्डइन स्वतःच सांगते. कंत्राटी मुलांनी इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. तुमच्या प्रोफाइलवर कंपनी म्हणून एजन्सीचे नाव असेल, तर ज्या कारखान्यात तुम्ही प्रत्यक्ष काम करता तेथील एचआर या आडोशाच्या बाहेर राहतो. तिथे कळलेले चालणार नसेल तर ही सोय न वापरता थेट अर्ज आणि ओळखी यांवर भर द्यावा. तसेच प्रोफाइल दुरुस्त करायला बसण्याआधी, बदलांची सूचना ओळखीच्यांना जाणारी सेटिंग बंद करावी, नाहीतर साहेबांच्या फोनवर तुमच्या प्रोफाइलमधल्या बदलाची बातमी जाऊ शकते.

संपर्क येतो, पण तो भलत्यांचाच असतो

हिरवी कड लावली की फसवणारेही येतात, आणि दीड वर्ष वाट पाहिलेला मुलगा त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार असतो. याबाबत मला मनापासून काळजी वाटते, कारण कर्ज काढून पैसे भरलेली मुले मी पाहिली आहेत. नोंदणी फी, ट्रेनिंगचे डिपॉझिट, लॅपटॉपची अनामत, गेट पासचा खर्च, नाव कोणतेही असो, रुजू होण्याआधी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नाही असेच समजावे. मुलाखत न घेता ऑफर लेटर, बोलणे लगेच टेलिग्रामवर नेणे, कंपनीच्या नावाशी न जुळणारा ईमेल, रेटिंग देण्याच्या सोप्या कामाचे सुरुवातीला मिळणारे दोनशे रुपये, ही सर्व एकाच वाटेवरची चिन्हे आहेत. परदेशातील नोकरी असेल तर एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासल्याशिवाय पासपोर्टची प्रतही देऊ नये. डेटा एंट्रीच्या नोकरीसाठी म्हणून गेलेल्या अनेक भारतीय तरुणांना कंबोडिया आणि म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून राबवले गेले आहे. पैसे गेलेच तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत. त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन केला तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता राहते.

जन्मतारीख, आधार क्रमांक, घरचा पूर्ण पत्ता, गुणपत्रिकांचे फोटो प्रोफाइलवर नसावेत. आपल्याकडच्या बायोडेटाच्या जुन्या नमुन्यात वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती असे रकाने असत. ते प्रोफाइलवर किंवा रेझ्युमेवर घालण्याची काही गरज नाही.

दुसरी माध्यमे

प्रत्येक कामाचे माणूस लिंक्डइनवरच शोधले जाते असे नाही. फोटोग्राफर, केक करणारे आणि मेकअप करणारे यांचे काम इन्स्टाग्रामवर पाहिले जाते, प्रोग्रामरचे गिटहबवर, डिझायनरचे बिहान्सवर. वेल्डर आणि फिटर यांच्या जागा आमच्या भागात आजही व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि गेटवरच्या फलकावर आधी येतात. त्यांनी केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयम ही दोन्ही विनामूल्य पोर्टल सोबत वापरावीत. फेसबुकवर जुन्या वादावादीच्या पोस्ट सर्वांना दिसत असतील, तर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' या एका बटणाने त्या मित्रांपुरत्या मर्यादित करता येतात.

एवढे करून पुन्हा चार आठवडे आकडे लिहावेत, आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशामुळे फरक पडला ते समजते. मुलाखतीपर्यंत बोलावणी येत असतील आणि तिथे अडत असेल, तर प्रोफाइलला हात लावू नका. ती तिचे काम करत आहे आणि तयारी मुलाखतीची करायची आहे. आणि तरीही काही कळले नाही, तर कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरकडे किंवा माझ्यासारख्या कोणाकडे येताना चार आठवड्यांचे दोन्ही आकडे, प्रोफाइलची पीडीएफ, तुम्हाला हव्या असलेल्या तीन प्रत्यक्ष जाहिराती आणि सेटिंगमध्ये नोंदवलेला ईमेल एवढे घेऊन या. त्या जाहिराती आणि ती पीडीएफ शेजारी ठेवली की कोणता शब्द गळला आहे ते बहुतेक वेळा मुलगा स्वतःच बोट ठेवून दाखवतो.